चामटोली, एकतीस मिनिटं

या वर्षी थंडीने फार वाट पाहायला लावली. परवा सकाळी गॅलरीचं दार उघडलं आणि नदीकडून आलेलं धुकं सरळ घरात शिरलं. समोरचा टॉवर दिसेना, त्याच्यामागचा चंदेरीचा डोंगर दिसेना. खाली रस्त्यावरून कुणाची तरी सायकल चालली होती. तीही दिसत नव्हती. नुसता चेनकव्हरचा खडखडाट, आधी जवळ, मग लांब, मग नाहीच. मी दार लावायचं विसरून तशीच उभी राहिले. आतून नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. थंडी आली."

माझे सगळे हिवाळे एकमेकांत मिसळून गेलेत. एक तेवढा वेगळा राहिला आहे. सव्वीस जुलैच्या पुराच्या आधीचा. बदलापुरात आम्ही वर्षं अशीच मोजतो, पुराच्या आधीची आणि नंतरची. त्या हिवाळ्याला वाल फुलल्याचा वास आहे, वाळलेल्या भाताच्या पेंढ्याचा वास आहे, आणि सकाळी हँडलचं लोखंड पकडल्यावर तळव्यांना बसणारा चटका आहे.

मी तेव्हा उल्हासनगरला कॉलेजात होते, भूगोल घेऊन शेवटच्या वर्षाला. दिवाळीची सुट्टी संपल्यावर आमच्या मॅडमनी फळ्यावर एक तिरका पट्टा काढला. वरच्या टोकाला शहाड, मग उल्हासनगर, मध्ये अंबरनाथ, खाली बदलापूर. "आपल्याकडे एवढी माणसं सायकलवर फिरतात," त्या म्हणाल्या, "पण सायकलवरच्या माणसाला दवाखाना किती लांब आहे, कॉलेज किती लांब आहे, हे कुणी मोजलेलं नाही. किलोमीटर नको मला. मिनिटं पाहिजेत."

आम्हाला चार रकान्यांचा कागद मिळाला. किती वाजता निघालो. किती वाजता पोचलो. वाटेत कुठे उतरावं लागलं. का उतरावं लागलं. तीस मिनिटांच्या आत जे येईल ते 'आवाक्यात', नकाशावर हिरवं. बाकीचं 'आवाक्याबाहेर', म्हणजे कोरं.

उल्हासनगरच्या कॅम्प चारचा हरेश माझ्या बाकाच्या मागे बसायचा. त्याच्या काकांचं सायकलच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि स्वतः तो सायकलला हातही लावत नसे. "टाइमच लिहायचा ना?" तो म्हणाला. "ते तर मी दुकानात बसून पण लिहीन. शहाड टू कॅम्प फोर, अठरा मिनिट. मॅडम को क्या पता चलेगा?" पुढच्या आठवड्यात मॅडमनी त्याचा कागद हातात घेतला. 'कुठे उतरावं लागलं' या रकान्यात त्याने सगळीकडे 'कुठेच नाही' लिहिलं होतं. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "शहाडच्या पुलावर भरल्या बाजाराच्या वेळी तू न उतरता चढलास? उद्या मला दाखव. मी पुलाखाली उभी राहते." वर्ग हसला, आणि हरेश दुसऱ्या दिवशी खरोखर सायकल घेऊन निघाला. नंतर सगळ्यांत जास्त रस्ते त्यानेच मोजले, माझ्या वाट्यातलेही काही.

माझ्याकडे बदलापूर आणि आसपासची गावं आली. आईने कागद पाहिला आणि तिथेच मिटून ठेवला. "कर्जतच्या रस्त्याला एकटी जायचं नाही. पप्पांना घेऊन जा."

पप्पा तेव्हा घरीच होते. अंबरनाथजवळ मोरिवलीच्या औद्योगिक वसाहतीत पंपाचे भाग बनवणारा एक कारखाना होता, लहानसा, तिथे ते चोवीस वर्षं लेथवर होते. दसऱ्याच्या पूजेला मशिनना झेंडूच्या माळा घातल्या गेल्या, आणि दिवाळीनंतर कामगार गेले तर फाटकाला कुलूप. या चोवीस वर्षांत ते बदलापूरहून मोरिवलीला सायकलनेच गेले होते. पहाटे साडेपाचला उठायचे, सहाला जिन्याखालून सायकल काढायचे. कुलूप लागल्यावरही ते साडेपाचलाच उठत. आंघोळ करत, भांग पाडत, बुद्धवंदना म्हणत आणि मग गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसत. कुणाशी बोलत नसत. आई साड्यांना फॉल-पिको करायची, तिच्या मशिनचा आवाज तेवढा घरात असे. सायकलच्या दोन्ही चाकांतली हवा गेली होती आणि ती भरायला ते खाली उतरत नव्हते.

आईने त्यांच्यासमोर कागद ठेवला. दुसऱ्या दिवशी मला सायकलच्या पंपाच्या आवाजाने जाग आली.

पहिल्या दिवशी आम्ही घर ते मोरिवली मोजलं. तो त्यांचा रस्ता होता. पुढे ते, मागे मी. मोठा खड्डा कुठे आहे, कुठली कुत्री अंगावर येतात आणि कुठली नुसती भुंकतात, कुठल्या वळणावर ट्रकवाले हॉर्न देत नाहीत, सगळं ते मान न वळवता सांगत होते. "ट्रक मागून येतोय का ते कानाने ओळखायचं. मागे बघायचं नाही. मागे बघितलं की हँडल वळतं." मोरिवली जवळ आली तसा तो औषधासारखा उग्र वास येऊ लागला. लहानपणी हा वास पप्पांच्या शर्टाला असायचा आणि मला तो पप्पांचाच वास वाटायचा. कुलूप लावलेल्या फाटकापाशी ते उतरले. फाटकाच्या आत झेंडूची एक माळ अजून लोंबत होती, वाळून तपकिरी झालेली. ते बघत राहिले. मी 'कुठे उतरावं लागलं' या रकान्यात 'मोरिवली' लिहिलं. 'का' हा रकाना कोरा ठेवला. मॅडमनीही तो कोरा कसा, म्हणून कधी विचारलं नाही.

मग आम्ही रोज निघू लागलो. स्टेशन, सरकारी दवाखाना, भाजीबाजार, पोस्ट. पप्पा घड्याळ बघत, मी लिहीत असे. दुपारी घरी आल्यावर ते आईला सांगत, "आज पोस्टात बारा मिनिटांत." आई मशिनवरून म्हणे, "चहा ठेवू?" एवढंच. पण ती रात्रीच्या भाकऱ्या एक जास्त करू लागली.

कर्जतच्या रस्त्यावरच्या चामटोलीला गेलो तो दिवस मला लख्ख आठवतो. भात कापून झालेलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या, आणि कापलेल्या शेतांत वालाचे वेल पांढरं-जांभळं फुललेले. गावातून निघून बदलापूरचं कॉलेज असं मोजायचं होतं, म्हणून आधी गावात गेलो. एका घरासमोर थांबून मी वेळ लिहीत होते. अंगणात एक मुलगी वाल निवडत बसली होती. सतरा-अठराची असेल.

"ताई, काय लिहिता?" तिने विचारलं.

मी सांगितलं. इथून कॉलेजला सायकलने किती मिनिटं लागतात ते मोजतोय.

"किती लागतात?"

"आमच्या कॉलेजचा एक मुलगा आधी मोजून गेलाय, त्याला चोवीस लागली. आम्ही आता मोजू. तुला किती लागतात?"

ती वाल निवडत राहिली. "मला आता लागतच नाहीत. मी जात नाही."

तिचं नाव मनीषा. बारावीला होती. गावातली सुरेखा नावाची तिची मैत्रीण आणि ती, दोघी मिळून टमटमने कॉलेजला जात. तुळशीचं लग्न झालं आणि पाठोपाठ सुरेखाचं लग्न झालं. ती नवऱ्याच्या घरी पनवेलकडे गेली. एकटीने टमटममध्ये बसून जायचं नाही, असं घरात ठरलं. जानेवारीत पूर्वपरीक्षा होती, फेब्रुवारीत बोर्डाची. "पुस्तकं आहेत," ती म्हणाली. "घरी वाचते." मग एक किडका वाल बाजूला टाकत, "इंग्रजी घरी कळत नाही."

तिचे वडील बाळाराम गोठ्यातून आले. आम्ही सरकारी माणसं नाही, हे त्यांना पटवायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी पप्पांना विचारलं, "तुमी कुठले? आडनाव काय?"

"साळवे. बदलापूरचेच."

आमचं आडनाव सांगितल्यावर समोरचा माणूस किंचित थांबतो. ते थांबणं मला शाळेपासून ओळखीचं आहे. बाळारामही थांबले. मग त्यांनी ओट्यावरची गोणी सरकवून जागा केली आणि आत आवाज दिला, "दोन च्या आण गं. नाय, तिघांचाच आण." घरातल्या कपबशा आल्या. पप्पांनी चहा संपवून बशी खाली ठेवली आणि अचानक म्हणाले, "सायकल आहे का तुमच्याकडे?"

"पोराची हाय. तो आता सुरतेला असतो कामाला. का?"

"पोरीला चालवता येते?"

"शेतात चालवते. रस्त्याला नाय. आन एकली तर नायच नाय."

"एकटी नाही. सकाळी मी इथे येईन. कॉलेजपर्यंत तिच्या मागे राहीन. सुटायच्या वेळी परत आणून सोडीन. परीक्षेपर्यंत."

मी पप्पांकडे बघत राहिले. महिनाभरात कुणा परक्याशी त्यांनी एवढी वाक्यं एका दमात बोललेली मी ऐकली नव्हती.

बाळाराम जमिनीकडे बघत होते. "तुमाला काय भेटणार यातनं?"

"मला सकाळी कुठंतरी जायला लागतं," पप्पा म्हणाले.

मनीषा उठून घरामागे गेली आणि सायकल ढकलत घेऊन आली. तिच्या सीटवर कोंबड्यांनी घाण केली होती. ती ओल्या फडक्याने पुसू लागली.

आम्ही दोघांनी त्या दिवशी कॉलेजपर्यंतचं अंतर मोजलं. एकतीस मिनिटं. तीसला एक मिनिट जास्त. मी कागदावर लिहिलं आणि मनात म्हटलं, कोरं.

मनीषाला पहिल्या दिवशी सत्तेचाळीस मिनिटं लागली. ट्रकचा आवाज आला की ती उतरून रस्त्याच्या कडेला उभी राहायची, सायकल पोटाशी धरून. कागदाचे दोन्ही शेवटचे रकाने भरून मागच्या बाजूला लिहावं लागलं. कुठे उतरावं लागलं: नऊ ठिकाणी. का: ट्रक, ट्रक, म्हशी, ट्रक, ओढणी चेनमध्ये. पप्पा तिच्या मागे दहा हात अंतर ठेवून चालवायचे. "बघू नको," ते मागून सांगत. "मी आहे मागे, मी बघतोय. तू पुढे बघ." दुसऱ्या आठवड्यात ती ओढणी कमरेला बांधायला शिकली. तिसऱ्या आठवड्यात पाड्यावरच्या दोन मुली आल्या, एक दहावीची आणि एक अकरावीची. मग अजून एक. चार मुली एका रांगेत, आणि शेवटी कानटोपी घातलेले पप्पा. सकाळच्या धुक्यात ते येताना मी कधी कधी नाक्यावर उभी राहायचे. आधी चेनकव्हरचा आवाज यायचा, मग ओढण्या, आणि शेवटी कानटोपी दिसायची.

त्या दिवसांत आमच्या घरात वालाच्या शेंगांचा खच पडायला लागला. रोज कुणाच्या ना कुणाच्या घरून पिशवी यायची. शेवग्याच्या शेंगा, बोरं, एकदा आठ-दहा पपया. आई म्हणायची, "याची काय भाजी करू आता?" आणि करायची. पप्पा जेवताना मुलींच्या गोष्टी सांगायचे. कोणती अर्थशास्त्रात हुशार आहे, कोणती वाटेतल्या पुलाच्या चढावर उतरत नाही आणि उतरायला हवं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण मनीषा चालवताना मोठ्याने कविता पाठ म्हणायची आणि ती त्यांना अर्धी येऊ लागली होती. एका दुपारी स्वयंपाकघरात त्यांना ती पुटपुटताना मी ऐकलं.

संक्रांतीच्या आसपास एक दिवस पप्पा साडेपाचला उठले नाहीत. आई म्हणाली, अंग दुखत असेल. दुसऱ्या दिवशी ते उठून गॅलरीतल्या खुर्चीत बसले, सायकल जिन्याखालीच. मी खूप विचारल्यावर त्यांनी सांगितलं. हायवेवरच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी मोठ्याने बोललं होतं, की म्हाताऱ्याला या वयात पोरींच्या मागे फिरायचा शौक आलाय. टपरीवरचे हसले होते. पप्पा चहा अर्धा टाकून आले होते. "माझं जाऊ दे," ते म्हणाले. "उद्या त्या पोरींना बोलतील. मग बाळाराम तिला घरी बसवेल. त्यापेक्षा मीच नको."

वीस वर्षांची होते मी. रस्त्याच्या कडेच्या टपऱ्यांवरून जाताना मान खाली घालायची, एवढंच मला शिकवलेलं होतं. आई मशिन थांबवून बसली होती. गॅलरीत पप्पा, आणि खाली सायकल.

तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला खालून घंटी वाजली. मी वाकून पाहिलं तर मनीषा. ओढणी कमरेला, कपाळावर घाम, हातात शेंगांची पिशवी. ती वर आली आणि दारातच पप्पांना म्हणाली, "काका, बरं नाही का?"

"तू कुणाबरोबर आलीस?" पप्पांनी विचारलं.

"कुणाबरोबर नाही. बाकीच्यांना घरच्यांनी थांबवलं. मी आले."

"एकटी? बाबा काय म्हणाले?"

"बाबा आधी नाही म्हणाले." ती पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभी होती. "मग काल संध्याकाळी टपरीवर गेले. काय बोलले माहीत नाही. घरी येऊन म्हणाले, सकाळी जा आणि साळव्यांना विचारून ये, आजारी आहेत का. आजारी नसतील तर म्हणावं, पोरी खोळंबल्यात."

पप्पा उठून आत गेले. बाहेर आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं. ते जिना उतरले आणि त्यांनी दोन्ही चाकांत हवा भरली.

पूर्वपरीक्षा झाली. मनीषाला इंग्रजीत जेमतेम पास होण्याएवढे गुण मिळाले. ती ते गुण रस्ताभर सगळ्यांना सांगत आली. आमच्या कॉलेजात नकाशा तयार झाला. मॅडमच्या टेबलावर मोठा कागद पसरून आम्ही तो रंगवत होतो. चामटोलीपाशी मी थांबले. माझ्याकडे चार आकडे होते. हरेशचे चोवीस, पप्पांचे एकतीस, मनीषाचे पहिल्या दिवशीचे सत्तेचाळीस आणि त्या आठवड्यातले एकोणतीस.

"खरा आकडा कुठला धरायचा?" मी विचारलं.

हरेश म्हणाला, "माझा धर. सगळ्यात चांगला आहे."

मॅडम म्हणाल्या, "सगळे खरे आहेत. ज्याचे त्याचे. चारही लिही."

"मग रंग कुठला? आवाक्यात की बाहेर?"

त्यांनी हातातला हिरवा खडू बराच वेळ फिरवला. मग तो माझ्याकडे दिला. "तू तिथे गेलीस. तू ठरव."

मी हिरवं केलं. ते बरोबर होतं का, मला अजून सांगता येत नाही. चार आकड्यांमधले दोन तीसच्या वर होते. आणि एक बाप आपल्या मुलीला टमटमने एकटी पाठवत नव्हता, या गोष्टीला नकाशावर रंग नव्हता. नकाशासह अहवाल मॅडमनी कुठल्या कुठल्या कार्यालयांना पाठवला, त्यांची पोचही आली. मग पूर आला आणि सगळ्यांना दुसरी कामं लागली. आता तो रस्ता चौपदरी आहे. सायकलने कुणी दिसत नाही. हरेश काकांच्या दुकानात बसतो आणि मुलांच्या गिअरच्या सायकली विकतो. त्या वर्षी एप्रिलात पप्पांना त्याच दुकानात चाकं आउट काढायचं, म्हणजे वाकडी झालेली चाकं सरळ करायचं काम मिळालं, आणि पुढची अकरा वर्षं ते तिथे गेले. शेवटी शेवटी गुडघ्यांमुळे लोकलने जात, आणि त्याची त्यांना फार लाज वाटे.

पण मला सांगायचं आहे ते बोर्डाच्या पहिल्या पेपरच्या सकाळचं. आदल्या दिवशी मनीषा पप्पांना म्हणाली होती, "काका, उद्या आम्ही चौघी जातो. बाकीच्या मला सोडायला येणारेत. तुम्ही थंडीत कशाला?" पप्पा हो म्हणाले होते. आणि पाचलाच उठले. आईने काही न विचारता त्यांना चहा दिला.

नऊ वाजता ते परत आले. मी अभ्यास करत होते. आई मशिनवर होती. त्यांनी चप्पल काढली, कानटोपी काढली आणि भिंतीला टेकून खालीच बसले. छाती वरखाली होत होती.

"काय झालं?" आईने विचारलं. "पोचल्या ना?"

"मी चामटोलीला पोचलो तर निघाल्या होत्या. मग मागून गेलो. वळणावर दिसल्या." त्यांनी थोडा दम घेतला. "गाठता येईनात. मी जोर लावला, तर त्यांनी अजून लावला. पुलावरसुद्धा कुणी उतरली नाही. मी उतरलो."

आई हातातली साडी तशीच धरून ऐकत होती.

"पुलाच्या वर जाऊन मनीषाने ओरडून सांगितलं," पप्पा म्हणाले, "काका, तुम्ही सावकाश या."

आणि ते हसू लागले. इतके, की त्यांना खोकला आला आणि आईला पाणी आणावं लागलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी तेच पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. संध्याकाळी शेजारच्या काकूंना सांगितलं, गिरणीवाल्याला सांगितलं, पौर्णिमा होती म्हणून विहारात गेले तर तिथे सगळ्यांना सांगितलं. लोक म्हणत, "कोण मनीषा?" आणि पप्पा खुर्ची ओढून बसत.